सेलरीचं बी माजघरात



मागे परसबागेवर बोलताना आम्ही शेवटी सहज म्हणून गेलो होतो की आमच्या गटातल्या तिघी जणी सेलरी लावतात. त्यानंतर फोन येत राहिले ते सेलरीचेच. बहुतेकींचं म्हणणं एकच: पाकीट आणलं, बी टाकलं, पंधरा दिवस पाणी घातलं, आणि काही उगवलं नाही. बी खोटं होतं का?

बी खोटं असूही शकतं. पण आमचंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं, आणि बी चांगलं होतं. म्हणून आजचं सगळं बोलणं रोप तयार करण्याबद्दलच. सेलरीत खरी मेख तिथेच आहे. रोप एकदा वीतभर झालं की पुढे ती कोबी-फ्लॉवरपेक्षा फार वेगळी नाही.

ज्यांनी सेलरी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पानं कोथिंबिरीसारखी पण मोठी, आणि खालचा दांडा जाड, शिरा असलेला, पन्हाळीसारखा खोलगट. वास ओवा आणि शेपू यांच्या मधला. घराणंही तेच: कोथिंबीर, गाजर, ओवा, जिरं, बडीशेप, शेपू ही सगळी एकाच कुळातली. आपल्या चुलीवर ती शिजत नाही, पण चायनीजच्या गाडीवर सूपमध्ये आणि मंच्युरियनमध्ये जी हिरवी बारीक चिरलेली काडी लागते ती पुष्कळदा हीच. आम्ही राहतो वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या अंगाला. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, पुढे महाबळेश्वर, म्हणजे हॉटेलंच हॉटेलं. त्यांच्या स्वयंपाकघरात ही भाजी रोज लागते आणि ती पुण्याच्या बाजारातून गाडीत बसून येते. आपल्या दारावरून जाणारी भाजी आपणच का पिकवू नये, असा विचार गटाच्या बैठकीत निघाला, इथून सगळी सुरुवात झाली.

तिघी तयार झाल्या. एकीची विहिरीकाठी जमीन, एकीची नवऱ्याच्या नावावर थोडी, आणि तिसऱ्या वहिनींना जमीनच नाही. त्यांनी दिरांकडून अर्धा गुंठा खंडानं घेतला. प्रत्येकी अर्धा गुंठा, मिळून दीड. गटातून तिघींच्या नावानं सहा हजार रुपये अंतर्गत कर्ज काढलं, महिना दोन टक्के व्याजानं. म्हणजे महिन्याला एकशेवीस रुपये, पीक येवो न येवो. बी, ट्रे, कोकोपीट, शेडनेटचा तुकडा, खत, सगळं त्यात बसवलं.

पहिल्या दोघींपैकी एक ताई आधी रोपवाटिकेत मजुरीला जात होत्या. टोमॅटोची, मिरचीची रोपं त्यांनी हजारोंनी केलेली. त्यामुळे काम कसं करायचं हा प्रश्नच आला नाही. कोकोपीट भरलं, प्रत्येक खळग्यात बोटानं खड्डा केला, दोन-तीन बिया टाकल्या, वर कोकोपीटचा थर दिला. मग रोपवाटिकेत करतात तसे ट्रे एकावर एक रचले आणि काळा प्लास्टिकचा कागद गुंडाळून त्यांच्याच घरी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवले. गौरी-गणपती नुकतेच उरकले होते. पावसाची उघडीप होती, ऊन कडक. टोमॅटोला हे अगदी बरोबर आहे. अंधार, ऊब आणि ओल मिळाली की चार-सहा दिवसांत मान वर काढतो.

आठ दिवसांनी कागद उघडला, काही नाही. परत झाकला. पंधरा दिवसांनी उघडला, काही नाही. गावात कुजबूज सुरू झाली. वहिनींच्या सासूबाई म्हणाल्या, शहरातलं खूळ गावात आणलं की असंच व्हायचं. आणि त्यांना उत्तर द्यायला आमच्याकडे काही नव्हतं, कारण समन्वयक म्हणून पाकीट आणून देणारे आणि टोमॅटोसारखंच करा म्हणणारे आम्हीच.

ट्रे रिकामे करायला म्हणून खाली उतरवले तेव्हा सर्वांत वरच्या ट्रेचा एक कोपरा ताईंच्या डोळ्यांत भरला. तिथे कागद फाटलेला होता आणि पत्र्यातून पाणी ठिबकून कोकोपीटचा वरचा थर वाहून गेला होता. त्या पाच-सहा खळग्यांत, डोळे बारीक करून पाहिलं तर दिसावेत इतके बारीक, हिरवे ठिपके होते. बाकी सगळे ट्रे कोरे. म्हणजे बी जिवंत होतं, आणि जिथे वरचा थर निघून उजेड पोचला होता, थेंबाथेंबानं गारवा राहिला होता, तिथेच ते उगवलं होतं.

कृषी विज्ञान केंद्रातल्या बाईंना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, ‘झाकलं होतं का?’ आणि मग सगळं उलगडून सांगितलं. तेच आता आम्ही तुम्हाला सांगतो.

सेलरीचं बी फार बारीक असतं. एका ग्रॅममध्ये साधारण अडीच हजार बिया. तेवढ्याच वजनाच्या टोमॅटोच्या बिया तीनशेच्या आसपास भरतात आणि तांदळाचे दाणे पन्नास. आता एवढ्याशा बियात शिदोरी किती असणार? पावट्याचं बी दोन बोटं खोल पुरलं तरी माती फोडून येतं, कारण त्याच्याजवळ पोटभर जेवण असतं. सेलरीचं बी खोल गेलं की वर येईपर्यंतच त्याची शिदोरी संपते. त्यामुळे निसर्गानं त्याला एक खूण दिली आहे: उजेड. अंगावर उजेड पडला की बियाला कळतं आपण वरच आहोत, आणि मगच ते जागं होतं. अंधारात ते बहुतेक झोपूनच राहतं. म्हणून सेलरीचं बी पेरायचं नसतं, नुसतं ठेवायचं असतं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. या बियाला पंधरा ते वीस अंश तापमान आवडतं. पंचवीसच्या पुढे गेलं की ते रेंगाळतं, आणि तीसच्या वर तर उगवणच जवळपास थांबते. भर उन्हात पत्र्याखाली बसून पाहा, तिथे माणूस टिकत नाही तर बी काय टिकणार. थंड देशांत बाया सेलरीचं बी घरात लावतात ते बाहेरच्या बर्फापासून वाचवायला. आपण घरात लावायचं ते उन्हापासून आणि पावसाच्या मारापासून वाचवायला. काम तेच, कारण उलटं. म्हणून त्यांच्याकडचे व्हिडिओ बघून हीटर, गरम चटई असलं काही आणू नका.

तिसरी गोष्ट वेळ. मेथी तीन दिवसांत, कोथिंबीर आठ-दहा दिवसांत. सेलरी सगळं मनासारखं मिळालं तरी दहा दिवस, पुष्कळदा पंधरा, आणि कधी कधी तीन आठवडे घेते. तेवढ्या दिवसांत एकदाही वरचा थर कोरडा पडता कामा नये. बी फुगलं, उघडायला लागलं आणि वाळलं, की मेलं. परत भिजवून ते उठत नाही.

हे ऐकल्यावर उरलेलं बी परत टाकायच्या आधी वहिनींनी एक शहाणपणाचं काम केलं. तीन ताटल्यांत ओला सुती कपडा अंथरून प्रत्येकीत शंभर बिया मोजून टाकल्या. एक ताटली माजघरात माठाशेजारी, खिडकीच्या उजेडात. एक तिथेच, पण पेटीत झाकून. एक माळ्यावर. माठाजवळच्या ताटलीत अठरा दिवसांत साठेक बिया उगवल्या, पेटीतल्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, माळ्यावरची एकही नाही. सासूबाईंनी ताटल्या स्वतः येता-जाता पाहिल्या, आणि त्यानंतर खूळ हा शब्द काही आम्ही ऐकला नाही. ही परीक्षा कुठल्याही बियाची घरी करता येते. दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी जरूर करा.

बी कुठलं घ्यायचं, हेही फोनवर पुष्कळ जणींनी विचारलं. काष्टौषधीच्या दुकानात अजमोदा मिळतो, तो चालेल का? सेलरीचं बी अजमोदा नावानं विकलं जातं हे खरं. पण त्याच नावानं दुसऱ्या एका झाडाचं बीसुद्धा विकतात. शिवाय ते औषधाला, मसाल्याला ठेवलेलं असतं, किती जुनं आहे कुणालाच माहीत नसतं. पंजाबात अमृतसरच्या बाजूला सेलरी बियासाठीच पिकवतात आणि ते बी परदेशी जातं. ती जात बी जास्त देणारी, जाड दांडा देणारी नव्हे. आपल्याला दांडा हवा, म्हणून भाजीची जात पाकिटावर बघून घ्या आणि पॅकिंगची तारीखही वाचा. बी रंगीत, गुलाबी-हिरवं असेल तर त्याला औषध लावलेलं आहे. ते हातमोजे घालून हाताळायचं, आणि स्वयंपाकघरात डब्यांच्या रांगेत अजिबात ठेवायचं नाही.

आता पद्धत. दुसऱ्यांदा आम्ही ट्रेच्या नादी लागलोच नाही. मिठाईचे प्लास्टिकचे पसरट डबे घेतले, पारदर्शक झाकणाचे. तापवलेल्या सुईनं तळाला दहा-बारा भोकं पाडली. तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत. कोकोपीट आधी दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात खार असतो. मिश्रण पिठाच्या चाळणीतून नव्हे, पण तांदळाच्या चाळणीतून तरी चाळून घ्या, कारण एवढ्याशा बियाला काडीकचऱ्याचा तुकडासुद्धा डोंगर होतो. मुठीत घट्ट दाबलं तर एक-दोन थेंब पडावेत, धार लागू नये. डबा तीन बोटं भरायचा आणि वरून वाटीच्या बुडानं सपाट करायचा.

बी रात्रभर स्वच्छ गार पाण्यात भिजत घालायचं. सकाळी जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळून सावलीत तासभर पसरायचं, बोटाला चिकटणार नाही इतपत. औषध लावलेलं बी मात्र भिजवू नका, ते तसंच घ्या.

आता हे टाकायचं कसं? चिमटीत धरलं तर एका जागी पन्नास पडतात. यावर तोड ताईंनी काढली. बियात चौपट-पाचपट पांढरी रांगोळी मिसळली आणि डब्यात रांगोळीच्या रेघा ओढल्या! आपला हात त्या कामाला बसलेलाच असतो, किती सुटतं ते बोटांना कळतं, आणि काळपट कोकोपीटवर पांढरी रेघ दिसते म्हणून बी कुठे पडलं तेही समजतं. रांगोळी दगडाची घ्यायची, रंगाची नाही. रांगोळी नसेल तर बारीक कोरडी वाळू. दोन रेघांत दोन बोटं अंतर.

वर काहीही घालायचं नाही. वाटीच्या बुडानं हलकं दाबलं, बी ओल्याला टेकलं, की झालं. पाणी वरून झारीनं घातलं तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं, म्हणून डबा परातीत पाणी घेऊन त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, खालून पाणी शोषलं जातं. वरून फक्त फवाऱ्याच्या बाटलीनं धुकं. मग झाकण किंचित तिरकं ठेवायचं, वाफ जायला फट हवी.

डबे ठेवायला घरातली सर्वांत गार पण उजेडाची जागा. उजेड हवा, ऊन नको. झाकण लावलेल्या डब्यावर थेट ऊन पडलं तर आत भट्टी होते. आमच्याकडे वहिनींचं कौलारू, मातीच्या भिंतींचं घर या कामाला सरस ठरलं. ज्यांची घरं स्लॅबची किंवा पत्र्याची, त्यांनी डब्याभोवती ओलं गोणपाट लावावं, जमिनीवर ठेवावं. माठ जसा गार होतो तसंच गोणपाटातलं पाणी उडताना गारवा देतं. रात्रीचा आणि दिवसाचा थोडा फरक या बियाला आवडतो, त्यामुळे रात्री खिडकी उघडी ठेवली तर बरंच.

आम्ही पहिल्या वर्षी हे दुसरं बी नवरात्रात टाकलं. एकीकडे घट बसलेला, दुसरीकडे डबे. घटातलं धान नऊ दिवसांत हातभर झालं आणि आमच्या डब्यात हिरवा ठिपका नाही! दसऱ्याला सोनं वाटताना एकमेकींच्या तोंडाकडे पाहत होतो. तिथून आणखी तीन-चार दिवसांनी डबे हिरवे झाले.

घटाचा विषय निघालाच आहे तर एक सांगायचं. घटातलं धान पिवळं, उंच आणि लुसलुशीत का होतं? देवघराचा कोपरा अंधारा असतो म्हणून. रोप उजेड शोधत धावतं. घटाला ते शोभतं, पण सेलरीचं रोप तसं वाढलं तर दोऱ्यासारखं होतं आणि लावल्यावर आडवं पडतं. म्हणून बी उगवून निम्मं वर दिसलं की झाकण कायमचं काढायचं आणि डबे माजघरातून पडवीत, पूर्वेच्या उजेडात आणायचे. सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास चालतं. रोपं एका बाजूला झुकतात, म्हणून डबा रोज फिरवायचा. पडवी नसेल, आभाळ सतत भरलेलं असेल, तर वीस वॉटची एलईडी ट्यूब रोपांपासून वीतभर उंचीवर टांगून रोज चौदा तास लावली तरी महिन्याला साडेआठ युनिटच्या आत भागतं.

या वयात रोपांना मारणारी गोष्ट म्हणजे आपली माया. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी जाता-जाता पाणी. मग एके दिवशी रोपं जमिनीलगत काळी-बारीक होऊन कोलमडतात, आणि एका कोपऱ्यातून सुरू झालेली ती मर दोन दिवसांत डबा साफ करते. बी उगवेपर्यंत वरचा थर ओला हवा हे खरं. उगवल्यावर मात्र वरचा थर जरा सुकल्यासारखा दिसू द्यायचा आणि सकाळीच, खालून पाणी द्यायचं. रात्री ओलं राहू नये, वारा खेळता हवा. कोकोपीट भरतानाच त्यात ट्रायकोडर्मा मिसळलं तर चांगलं. मर लागलेला भाग चमच्यानं मातीसकट काढून लांब फेकायचा. आणि एक, पहिल्या वेळचं उरलेलं कोकोपीट पुन्हा रोपांना वापरायचं नाही, ते कुंड्यांना घाला.

पहिली दोन पानं साधी, लांबट असतात. त्यानंतर कातरलेली, कोथिंबिरीसारखी पानं येतात. अशी दोन पानं आली की रोप ट्रेच्या खळग्यात हलवायचं. हे काम बसून, निवांत करायचं, आमच्याकडे तर या दिवशी गप्पांचा फड जमतो. खराट्याच्या काडीनं मुळासकट उचकटायचं आणि रोप पानाला धरून उचलायचं, देठाला कधीच नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चिमटला तर रोप गेलं. लावताना मधला कोंब मातीत बुडू द्यायचा नाही. दीड गुंठ्याला आम्हाला साडेसोळाशे रोपं लागतात, म्हणजे अठ्ठ्याण्णव खळग्यांचे सतरा ट्रे, आणि मरतुकीला दोन जास्त.

ट्रेमध्ये आणखी दीड महिना. या काळात आठवड्यातून एकदा गांडूळपाणी दहापट पाण्यात मिसळून द्यावं. पानं फिकट पडली तर एकोणीस-एकोणीस-एकोणीस विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम. रोपं फार दाट, उंच झाली तर कात्रीनं वरची पानं थोडी छाटली तरी चालतं, उलट बुंधा जाड होतो. छाटलेली पानं आमटीत टाका, छान लागतात. थंडी वाढली की ट्रे रात्री आत घ्यावेत. दहा-बारा अंशांची थंडी सलग दहा-बारा दिवस बसली तर रोपाला वाटतं हिवाळा सरला, आता फुलावं. मग शेतात गेल्यावर दांडा भरण्याऐवजी ते फुलाचा दांडा काढतं. लावणीआधी रोप कणखर करायचं ते पाणी जरा कमी करून आणि ऊन वाढवत नेऊन, थंडी दाखवून नाही.

बी टाकल्यापासून दोन ते अडीच महिन्यांनी रोपाला पाच-सहा पानं येतात, तेव्हा लावणी. संध्याकाळी लावा, दीड फूट ओळीत आणि वीतभर रोपात अंतर. शेणखत भरपूर. मुळं वरवरची असल्यानं पाण्याचा ताण या पिकाला सोसत नाही, ठिबक असेल तर उत्तम. दांड्यावर आडव्या चिरा पडू लागल्या तर बोरॉन कमी आहे का ते माती तपासून बघा. तीन-साडेतीन महिन्यांत काढणी. काढणीची एकच गोष्ट जोर देऊन सांगतो: या झाडाचा रस अंगाला लागून वर ऊन पडलं तर काहींच्या हाताला भाजल्यासारखे फोड येतात, डाग महिनोन्‌महिने राहतात. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, सकाळी लवकर कापा, आणि कापून झाल्यावर हात साबणानं धुवूनच उन्हात जा. लहान मुलींना या कामाला लावू नका.

आता हिशोब, कारण फोनवर सगळ्यात शेवटी तोच विचारला जातो. पहिल्या वर्षी आमचा महिनाभर वाया गेला. त्यामुळे लावणी डिसेंबरच्या मध्यावर आणि काढणी मार्च अखेरीला. तोवर ऊन तापलं होतं, दांडे बारीक, दोरकट आणि कडवट निघाले. हॉटेलवाल्यांनी पाहून परत दिले. मिळेल त्या भावानं वाईतल्या चायनीजच्या गाड्यांना पानांसकट घातलं. त्यातून कर्जाचे जेमतेम दोन हजार फिटले. त्या महिन्याच्या बैठकीत आवाज चढले. उरलेलं कोणी फेडायचं? काही जणी म्हणाल्या, ज्यांनी घेतलं त्यांनी. वहिनी म्हणाल्या, माझा खंडही अंगावर आला, माझं नाव काढून टाका. आम्ही तेव्हा बैठकीत कबूल केलं की पद्धत न विचारता घाई करण्याची चूक समन्वयकाची होती, तिघींची नव्हे. दोन तास बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं: वाया गेलेल्या महिन्यांचं व्याज गटाच्या दंडाच्या पैशातून, मुद्दल तिघींनी पुढच्या हंगामात, आणि पुढच्या हंगामाचं बी आधी ताटलीत तपासूनच. ठरावावर सगळ्यांच्या सह्या आहेत, दोघींचे अंगठे.

दुसऱ्या वर्षी गणपती उठल्याबरोबर डबे मांडले. लावणी नोव्हेंबरात झाली, फेब्रुवारीत दांडे भरले. पाचगणीच्या दोन हॉटेलांना आम्ही लावणीच्या आधीच जाऊन भेटलो होतो, आठवड्याला किती जुड्या लागतील ते लिहून घेतलं होतं. सगळीच विकली गेली असं नाही. एकानं मध्येच घेणं थांबवलं. पण मुद्दल फिटलं आणि तिघींच्या हातात थोडंफार आलं. आधी गिऱ्हाईक, मग बी, हा क्रम आता आम्ही सोडत नाही. ही भाजी उरली तर कोथिंबिरीसारखी शेजारणींना वाटून संपत नाही.

वहिनींनी पुढे शेती सोडली. अर्ध्या गुंठ्याच्या खंडात काही उरत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. पण डबे आणि ट्रे त्यांनी ठेवले. रोपाला जमीन लागत नाही, माजघर आणि पडवी पुरते. आता इतर दोघींची आणि शेजारच्या गावातल्या एका गटाची रोपं त्या करून देतात, रोपाला दोन रुपये, लावणीच्या दिवशी हातात. मेलेलं रोप बदलून देतात. सासूबाई परातीतलं पाणी बघतात. गेल्या हंगामात एक डबा मरीनं गेला तेव्हा त्याही रात्री जेवल्या नाहीत म्हणे.

शेवटी एका फोनचं उत्तर राहिलंय. बाजारातून आणलेल्या सेलरीचा बुडखा पाण्यात ठेवला तर फुटतो, मग बियाची कटकट कशाला? फुटतो, बरोबर आहे. वाटीत ठेवून पाहा, मधून कोवळी पानं येतात, सूपपुरती होतात. पण पूर्ण जाड दांड्यांची जुडी त्यातून मिळत नाही, आणि दीड गुंठ्याला साडेसोळाशे बुडखे आणायचे कुठून?

यंदाही गणपती उठले की येणाऱ्या पहिल्या मंगळवारी दुपारी दोन वाजता वहिनींच्या पडवीत डबे भरायला बसणार आहोत. जवळपासच्या गावांतल्या ज्यांना शिकायचं असेल त्यांनी यावं. बी आमच्याकडे आहे. येताना पारदर्शक झाकणाचा एक डबा आणि चिमूटभर पांढरी रांगोळी आणा.